टॉवेलावरची स्पिती

बाईंचा टॉवेल हिरवा होता आणि दुपारपर्यंत तो ओलाच असायचा. रोज सकाळी त्या पोहायला जायच्या आणि तिथून थेट डिपार्टमेंटला यायच्या. केस ओले, खांद्यावर टॉवेल, साडीखाली गिर्यारोहकांचे जाड बूट. ब्रिस्टलच्या आमच्या भूगोल विभागात नव्या माणसाला त्यांची ओळख 'टॉवेलवाल्या डॉक्टर टिपणीस' अशीच करून दिली जायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मी पीएचडीसाठी आलो तेव्हा पहिल्या भेटीला घरून आणलेला चिवड्याचा डबा आणि प्रमाणपत्रांची फाईल घेऊन गेलो होतो. त्यांनी डबा ठेवून घेतला, फाईल परत दिली. मग टेबलावरचे कागद बाजूला सारून तो ओला टॉवेल पसरला.

"हे काय आहे?"

"टॉवेल," मी म्हणालो.

"बरं झालं, खरं बोलतोस. मागच्या वर्षीचा एक जण 'मेटॅफर' म्हणाला होता."

दोन्ही हातांनी टॉवेल चिमटीत धरून त्यांनी उंच घड्या उभ्या केल्या. ओला असल्यामुळे त्या तशाच उभ्या राहिल्या. "ही कुंझुमची खिंड. हिवाळ्यात बंद. ही मधली स्पिती नदी. इकडे पलीकडे तिबेट. पाऊस या डोंगरांच्या अलीकडेच संपतो, आत येतच नाही. मग पिकतं कशावर?" त्यांचं बोट सगळ्यात उंच घडीवर टेकलं आणि हळूहळू खाली आलं. "वर बर्फ. बर्फ वितळलं की नाला. नाल्यातून माणसांनी काढलेला पाट. पाटातून तळं. रात्रभर पाणी साठतं, सकाळी सोडतात. तळ्यातून शेत. या खोऱ्यातलं काहीही कळून घ्यायचं असेल तर पाण्याचं बोट धरून वरून खाली यायचं. इतिहास, भूगोल, बाजार, लग्नं, सगळं त्याच वाटेवर भेटतं."

माझ्या तालुक्याच्या कॉलेजात हिमालय म्हणजे नकाशावरचा तपकिरी पट्टा होता. गाईडमधून पाठ करायचा आणि परीक्षा झाली की सोडून द्यायचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्या ओल्या टॉवेलाकडे बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, की मी जे शिकलो तो भूगोल नव्हताच.

"समजलं, मॅडम."

"मॅडम नको. इथे दुकानात गिऱ्हाईकाला मॅडम म्हणतात. मुलं मला कुमुद म्हणतात."

ते माझ्या जिभेला जमणं शक्य नव्हतं. शाळेतल्या सवयीनं तोंडून निघालं, "बरं, बाई." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुण्याहून येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की या हाकेनं अलीकडे कोणी त्यांना बोलावलं नसावं. "चालेल," म्हणाल्या आणि डबा उघडला.

बाईंचा एक प्रश्न होता. कोणी काहीही लिहून आणलं, सांगितलं, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुठे उभा होतास?" मुलगी असेल तर "कुठे उभी होतीस?" इंग्रज मुलांना इंग्रजीतून, तेवढ्याच कोरड्या आवाजात. माझा पहिला निबंध हिमालयातल्या व्यापारावर होता. तिबेटचं मीठ आणि लोकर खाली यायची, स्पितीचा जव वर जायचा, सीमा बंद झाली आणि तो व्यापार संपला, असं सगळं मी पुस्तकांतून जमवून सुबक लिहिलं होतं.

"कुठे उभा होतास?"

"लायब्ररीत, बाई."

"मग लायब्ररीबद्दल लिही."

त्या स्वतः खोऱ्यात उभ्या राहिलेल्या होत्या. तरुणपणी एका गावात त्यांनी सलग काही उन्हाळे काढले, त्यावर त्यांचं पुस्तक झालं, आणि तेच पुस्तक आम्ही सगळे वाचत होतो. त्यात त्यांनी दाखवलं होतं, की इतक्या कोरड्या मुलुखातसुद्धा गावातल्या प्रत्येक घराला पाण्याची पाळी मिळते, आणि म्हणून ते गाव शेकडो वर्षं टिकलं. पाण्याच्या वाटपाचा विषय निघाला की जगात कुठेही कोणीतरी त्या पुस्तकातलं पान काढायचं. त्या खोऱ्यासाठी त्यांनी भारतीय पासपोर्टही सोडला नव्हता. परदेशी पासपोर्टवाल्याला तेव्हा तिकडे सहजी जाऊ देत नसत. नवरा, मुलगी, सगळे ब्रिटिश झाले. बाई मात्र हीथ्रोवर कायम लांब रांगेत उभ्या.

त्यांची मुलगी माया लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर होती. वडील गेल्यापासून सुट्टीला आईकडे यायची. एका रविवारी बाईंनी मला पिठलं-भात खायला बोलावलं होतं तेव्हा ती होती. तिचं मराठी भराभर आणि बिनधास्त.

"आई, तू टॉवेल बदल ना. तो फार जुनी झालीय."

"जुना झालाय."

"हू डिसाइड्स? टॉवेल मुलगा आहे हे कोण ठरवतं?"

"तुझी आजी ठरवायची. तिला विचारायची हिंमत कर."

त्याच दुपारी बाईंनी मला स्पितीतल्या घरांची रीत सांगितली. जमीन आणि पाणी थोरल्या मुलाचं. धाकटे मठात जायचे. थोरल्याचं लग्न होऊन त्याचा संसार लागला, की आईबाप मोठं घर त्याला देऊन शेजारच्या लहान घरात राहायला जायचे, एक लहानसं शेत घेऊन. "कोणी हाकलत नाही," बाई म्हणाल्या. "वेळ झाली की आपणहून उठतात. त्यांची ती शिस्त मला फार आवडते."

"म्हणजे मी लग्न केलं की तू लहान घरात जाणार?" मायानं विचारलं.

"ब्रिस्टलमध्ये? लहान घरांच्या किमती बघितल्यास का?"

आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याची आठवण मला पुढे फार वेगळ्या वेळी आली.

माझा व्हिसा वाढवायची वेळ आली तेव्हा बाई माझ्याबरोबर लंडनजवळ क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात आल्या. यायची काही गरज नव्हती. मी घाबरलोय हे त्यांनी ओळखलं होतं. ट्रेनमध्ये त्यांनी मला अख्ख्या लोकरबाजारावर प्रश्न विचारले, म्हणजे घाबरायला सवडच नाही. त्या ऑफिसात तासन्‌तास बसायचं, नंबर कधी पुकारतील याचा नेम नाही. शेजारी घानाची एक तरुणी मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सहज विचारलं, तुम्ही काय करता? बाईंनी गळ्यातली शाल काढून मांडीवर पसरली, घड्या उभ्या केल्या आणि बोट सगळ्यात उंच घडीवर ठेवलं. माझा नंबर लागला तेव्हा ते बोट तळ्यापर्यंत आलं होतं. खिडकीतल्या माणसानं बाईंचं पत्र वाचलं. 'प्रगती समाधानकारक' एवढंच त्याला हवं होतं. त्या एका सहीवर माझं इथलं राहणं उभं होतं, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या स्पितीतल्या गावी गेलो. त्यांनी ज्या मोठ्या घरात उन्हाळे काढले होते तिथेच माझी सोय झाली. म्हातारे मालक लहान घरात गेले होते, थोरला मुलगा आता घरधनी होता. बाईंचं नाव काढताच मला चुलीजवळची जागा आणि लोण्याचा चहा मिळाला. गाव मात्र बदललं होतं. जवाच्या जागी मटार आला होता. उन्हाळा संपता संपता ट्रक येत आणि हिरव्या शेंगांची पोती खिंडीपलीकडे घेऊन जात. मैदानातला मटार संपलेला असतो तेव्हा इथला निघतो, म्हणून भाव चढा. रोख पैसा आल्यावर धाकटे भाऊही मठातून परतू लागले होते. सरकारकडून पडीक जमीन मिळवून त्यांनी गावाखाली नवी शेतं काढली होती.

रोज सकाळी मी तळ्यावर जाऊन बसायचो, बाई बसायच्या त्याच दगडावर. कोण येतं, किती वेळ तळ्याचं दार उघडतं, पाणी कुणाकडे वळतं. पुस्तकात होतं तसंच सगळं चालू होतं. पाळ्या ठरलेल्या, भांडण नाही, आरडाओरड नाही.

माझे वडील पाटकरी होते. पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या पाण्यावर नजर ठेवायची नोकरी. आमच्याकडे नियम असा, की पाळी टेलपासून सुरू करायची. टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. शेवटच्या शेताला आधी पाणी, मग त्याच्या वरच्याला, असं करत धरणाकडे यायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खालपर्यंत पोचतच नाही, वाटेतच संपतं. वडील सायकल घेऊन आधी टेलला जायचे. साहेब लोक जीपमधून येऊन कालव्याच्या तोंडाशी बघत आणि 'पाणी चालू आहे' असं लिहून परत जात. लहानपणी मी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून टेल इतक्या वेळा पाहिलं आहे, की कुठलाही पाट दिसला की माझे पाय आपोआप त्याच्या शेवटाकडे वळतात. स्पितीतही वळले. यात माझी हुशारी काही नाही.

खाली लहान घरांची आणि नव्या शेतांची ओळ होती. तिथल्या पाटात पाणी नव्हतं. त्या वर्षी बर्फ कमी पडलं होतं. मटार कोवळेपणीच पिवळा पडत होता. एका शेतावर छेरिंग नावाच्या आजी पाटातली माती हातानं उपसत होत्या. मोडक्या हिंदीत मी विचारलं, तुमची पाळी कधी? त्या हसल्या. म्हणाल्या, आमची पाळी नसते. मोठ्या घरांची झाली आणि उरलं, तर मिळतं. मिळावं म्हणून त्यांच्या शेतात आधी राबायचं.

"तळ्यावर कधी जात नाही?"

"तिथे आमचं काय काम?"

मी पुढचे आठवडे खालीच काढले. एकेका घरी गेलो. सगळीकडे हेच. नव्या शेतांचं सोडा, लहान घरांच्या जुन्या शेतांनाही पूर्वीपासून पाळी नव्हती. पूर्वी जव होता आणि लहान घरांना मोठ्यांकडे राबून पोटापुरतं मिळत होतं, म्हणून ते दिसलं नाही. मटारानं ते उघड्यावर आणलं. हे गाव टिकलं होतं हे खरं, पण प्रत्येक घराला पाणी मिळून नव्हे.

ब्रिस्टलला परतल्यावर मी ते प्रकरण लिहिलं. प्रत्येक वाक्य चारदा खोडलं. बाईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्याच वर्षी यायची होती, आणि ते वर्ष त्यांच्या निवृत्तीचं होतं. आणि माझं अपग्रेड दोन महिन्यांवर होतं. तीन जणांच्या पॅनेलपुढे बसायचं, आतापर्यंतचं काम दाखवायचं. पास झालो तर पीएचडी पुढे चालू, नाहीतर सामान बांधून घरी. त्याला बाईंची शिफारस लागायची.

त्यांनी माझ्यासमोरच वाचलं. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. शेवटचं पान उलटून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुठे उभा होतास?"

"खाली, बाई. पाटाच्या शेवटाला."

'आणि तुम्ही?' हा पुढचा प्रश्न माझ्या ओठावर होता, पण तो विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. खोलीत दोघांनाही तो ऐकू येत होता.

"एका उन्हाळ्यात?" त्या म्हणाल्या. "कमी बर्फाच्या वर्षी? मोडक्या हिंदीत? मी त्यांची भाषा शिकले होते, अंकुश."

"हो, बाई."

"हो काय? वाद घाल ना."

"त्या वेळी नव्हतं असं मी नाही म्हणत..."

"तू तेच म्हणतोयस. प्रत्येक ओळीत म्हणतोयस, फक्त 'आदरणीय' लावून." कागद त्यांनी टेबलावर आपटले नाहीत, नीट जुळवून ठेवले. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "हा तुझ्या वडिलांचा कालवा नाहीये. प्रत्येक ठिकाणी तुला टेल आणि साहेब दिसणार आहेत का? हे प्रकरण काढ. मटाराच्या बाजारावर लिहिलंयस ते चांगलं आहे. तेवढं घेऊन पॅनेलपुढे जा. पास होशील."

"आणि हे?"

"हे ठेवलंस तर मी शिफारस कशी लिहू?"

नंतरचे आठवडे मला आजही नको वाटतात. बाई कॉरिडॉरमध्ये भेटायच्या, मान हलवून पुढे जायच्या. टेबलावर टॉवेल पसरलेला मला परत दिसला नाही. आमच्या ऑफिसातल्या मुलांनी ताडलं होतं, ती माझ्यासमोर गप्प व्हायची. प्रकरण काढलेली एक प्रत आणि ठेवलेली एक, अशा दोन प्रती मी छापून ठेवल्या होत्या. सकाळी वाटायचं, काढावं. या बाईंनी मला उभं केलं, क्रॉयडनला माझ्या शेजारी बसल्या, आणि मी त्यांचं आयुष्यभराचं काम मोडायला निघालोय. संध्याकाळी छेरिंग आजींची माती उपसणारी बोटं आठवायची.

घरी फोन केला. वडिलांना मी पॅनेल वगैरे काही सांगितलं नाही, एवढंच म्हणालो, बाई म्हणतात खाली पाणी पोचतं, मी म्हणतो पोचत नाही.

वडिलांनी लगेच विचारलं, "त्या टेलला गेल्यात का कधी?"

"नाही बहुतेक."

"मग त्यांच्यावर रागवू नकोस. आमचे साहेब काही वाईट नव्हते. त्यांना तिथपर्यंत कोणी नेलंच नव्हतं." आणि मग, "जेवतोस ना वेळेवर?"

प्रत द्यायच्या शेवटच्या दिवशी मी प्रकरण ठेवलेली प्रत बाईंच्या दाराखालून सरकवली आणि पळत जिना उतरलो. शिफारस त्यांनी लिहिली की नाही, हे मला पॅनेलच्या सकाळपर्यंत कळलं नाही. खोलीत शिरलो तर त्या बसलेल्या होत्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे बघितलं नाही.

पॅनेलमध्ये पीटर नावाचे बाहेरून आलेले प्राध्यापक होते. सभ्य आणि धारदार. मटाराच्या बाजाराबद्दल दोन-तीन प्रश्न विचारून ते थेट त्या प्रकरणावर आले.

"तुमच्या गाईडच्या पुस्तकात याच्या बरोबर उलट लिहिलं आहे. तुमच्यापैकी एक जण चुकतोय. कोण?"

मी बाईंकडे बघितलं. गाईडनं अशा बैठकीत बोलायचं नसतं, हा नियम आहे. मला दिसत होतं, की मी 'पूर्वी असं होतं, आता बदललं' एवढं म्हटलं तर सगळेच सुटतील. बाईही, मीही. ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते खरं नव्हतं.

"मला वाटतं," मी म्हणालो, "लहान घरांना तेव्हाही पाळी नव्हती."

"डॉक्टर टिपणीस तिथे अनेक उन्हाळे होत्या. तुम्ही एक. त्यांना ते दिसलं नाही, असं कसं?"

मी पुढ्यातले कागद सरळ करू लागलो. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, इंग्रजीत, अगदी तसाच कोरडा.

"तो सांगणार नाही. सभ्य मुलगा आहे. त्याला विचारा, मी कुठे उभी होते."

पीटरनी भुवया उंचावल्या. "कुठे उभ्या होतात?"

"तळ्यावर. रोज सकाळी एका दगडावर बसून जो येईल त्याची पाळी लिहून घेत होते. जे आले ते सगळे लिहिले. एकही सुटला नाही." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. "ज्यांना पाळीच नाही ते तळ्यावर येतील कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी मोठ्या घरात राहत होते. तिथलं जेवण चांगलं होतं. तिथून गाव सुरेख दिसायचं." टॉवेलाची घडी घालत त्या म्हणाल्या, "गेले दोन महिने मी माझी जुनी टिपणं परत वाचतेय. खालच्या घरांतला एकही माणूस त्यांत बोलत नाही. एकही. मी चुकले आहे."

पीटरनी पेन खाली ठेवलं.

"आणि आता याला पुढचा प्रश्न विचारा," बाई म्हणाल्या. "त्याच्या प्रकरणात ढिसाळ जागा पुष्कळ आहेत."

आणि पीटरनी खरोखरच त्या सगळ्या शोधून काढल्या. मी घामाघूम झालो. पास झालो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेलो, त्यांनी पाय मागे घेतले. "बूट चिखलाचे आहेत. आणि ऐक, बरोबर ठरलास म्हणून तुझं इंग्रजी सुधारलेलं नाही. सोमवारी दुसरा खर्डा." त्यानंतरही महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मला वाटायचं, माणसानं एवढं मोठं मन दाखवल्यावर सगळं लगेच गोड होतं. तसं नसतं. त्यांना लागलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही आणि माझ्यावर काढलंही नाही.

नवी आवृत्ती त्यांनी थांबवली. प्रकाशकाचे फोन यायचे, त्या म्हणायच्या, "पुस्तक अर्धं झालंय. अर्धं पुस्तक दुसऱ्यांदा कसं छापणार?" निवृत्तीला अजून काही महिने असताना त्यांनी आपली खिडकीवाली मोठी खोली सोडली आणि फोटोकॉपी मशीनशेजारच्या खोलीत टेबल हलवलं. एका दुपारी त्यांनी जुन्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी संशोधक विद्यार्थी, मला ती खोली मिळणं नियमात बसत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"विभागाशी मी बोललेय. पुढच्या बॅचची मुलं तिथे बसतील, तू त्यांना शिकवशील. उन्हाळ्यात मी इथे नाही."

"का, बाई?"

"मी गावी चाललेय."

मला वाटलं, पुण्याला.

पुढच्या जूनमध्ये मी त्यांना पोचवायला कोच स्टेशनवर गेलो. हीथ्रोची कोच होती. माया लीड्सहून सुट्टी टाकून आली होती, पण तिचा चेहरा डॉक्टरचा होता.

"अंकुश, तू सांग ना तिला. तिचा गुडघी बघ. बारा हजार फुटांवर काय करणार ती?"

"गुडघा," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही आहेत. एकच नाही."

"आई, आय ॲम सीरियस. ब्लड प्रेशरच्या गोळ्या कुठल्या बॅगेत आहेत?"

"वरच्या कप्प्यात. तू दोनदा बघितल्यास." मग माझ्याकडे वळून हळूच, "मोठ्या घरी मी येतेय हे कळवलेलं नाही. राग येईल त्यांना. खालीच उतरणार आहे. त्या तुझ्या छेरिंग आजींकडे जागा आहे का?"

"एकच खोली आहे, बाई. जेवायला बहुतेक सत्तूच असतं."

"चालेल. माझ्याबद्दल त्यांना काय सांगितलंयस?"

"काही नाही."

"छान. सांगूही नकोस. मी जाऊन बसते आणि ऐकते." त्यांनी हात पुढे केला. मी हातात घेतला. पोहणाऱ्या माणसाचा घट्ट, थंड हात. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं, तेव्हाही केलं नाही. फक्त म्हणाल्या, "वडिलांना नमस्कार सांग. पाटकऱ्यांना."

कोचमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक तरुण मुलगा बसला, कानात इअरफोन, मांडीवर पाठपिशवी. सुटायला वेळ होता. माया खालून हातवारे करून गोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होती. बाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि त्यांचं लक्ष शेजारी गेलं. त्या मुलानं काहीतरी विचारलं असावं. कुठे चाललात, असं बहुधा. त्यानं कानातला इअरफोन काढला.

बाईंनी पिशवीतून तो हिरवा टॉवेल काढला. सकाळी पोहून आल्या होत्या, तो ओला होता. समोरच्या फळीवर पसरून त्यांनी चिमटीनं घड्या उभ्या केल्या. खिंड, डोंगर, मधली नदी. मुलगा वाकून बघू लागला. काचेमुळे आम्हाला आवाज येत नव्हता, त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

"गॉड, ती परत सुरू झाली," माया म्हणाली आणि रडत हसली.

मी बाईंचं बोट बघत होतो. ते उंच घडीवर गेलं नाही. टॉवेलाच्या अगदी खालच्या काठाशी, जिथे शिवण उसवली होती तिथे टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं, आणि मग हळूहळू वर सरकू लागलं. कोच हलली तेव्हा ते अजून तळ्यापर्यंत पोचलं नव्हतं.